लेकीच्या घरी ८२ दिवस

"बाळंतपणाला गेलतासा काय?"

गेल्या आठवड्यात मिरजकर तिकटीजवळच्या चहाच्या गाड्यावर अण्णांना हा प्रश्न आला तेव्हा मी शेजारीच उभी होते. विचारणारे कारखान्यातले त्यांचे जुने सोबती. विचारण्याआधी त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं होतं, पण मी ढगळा स्वेटर घातल्यामुळे त्यांना नक्की अंदाज आला नसावा.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "नुस्तं."

"नुस्तं?"

"नुस्तंच गेलतो."

सोबत्यांचं काही समाधान झालं नाही. त्यांचंही बरोबर आहे. आमच्या पेठेतले आईवडील परदेशी जातात ते दोनच कारणांनी. एक तर लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, किंवा मग टूरवाल्यांबरोबर बारा दिवसांत सात देश. लेकीच्या घरी पाळणा हलत नसताना तिच्याकडे जाऊन तीन महिने राहायचं, आणि त्याचं कारण काय, तर नुस्तं! याला लोकांच्या हिशेबात रकानाच नाही.

मी आणि नवरा तीन आठवड्यांसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टहून कोल्हापूरला आलोय. डिसेंबर आहे, हंगाम भरात आहे, रात्री झोपेतसुद्धा उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येतात. अण्णांची सगळी नोकरी सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी, मोकळी गाडी, निव्वळ ऊस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी माणसाचा काटा चालूच आहे. भाजीची पिशवी हातात घेतली की ते म्हणतात, "साडेतीन." घरी येऊन बघावं तर तीन किलो चारशे. शंभर ग्रॅम चुकले म्हणून पुढे दहा मिनिटं गप्प.

मे महिन्यात आई-अण्णा आमच्याकडे आले होते. २५ मे ते १४ ऑगस्ट २०२४, येण्या-जाण्याचे दोन्ही दिवस धरून ८२. हा आकडा माझा नाही, अण्णांच्या खिशातल्या डायरीतला आहे. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं हे कळल्यावर त्यांनी पहिल्या दिवसापासून पानाच्या कोपऱ्यात आकडा घालायला सुरुवात केली. १, २, ३. आमच्या घरात कुणीतरी दिवस मोजतंय याचा मला आधी राग यायचा.

आता एक सांगायला हवं. माझी थोरली बहीण इचलकरंजीत दिलीय. कोल्हापूरहून तीस किलोमीटर. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत अण्णा तिच्याकडे एकही रात्र मुक्कामाला राहिलेले नाहीत. जातात, खुर्चीच्या कडेला बसतात, नातवंडांच्या हातात शंभराची नोट देतात, ताईनं फारच आग्रह केला तर अर्धी भाकरी खातात, आणि पाचच्या गाडीनं परत. भांडण नाही की रुसवा नाही. लेकीच्या घरी किती वेळ बसावं याचा एक अंदाज त्यांच्या अंगात भिनलेला आहे, तेवढा भरला की ते उठतात.

आणि ते त्यांच्यापासून सुरू झालेलं नाही. आईच्या वडिलांनी ताईचा जन्म होईपर्यंत आमच्या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. कागलकडच्या गावातून सायकल मारत यायचे, ओसरीवर बसून लेकीला डोळे भरून बघायचे, आणि तहान लागली की समोरच्या हॉटेलात जाऊन पाणी पिऊन यायचे. आई हे सांगताना हसते. हसते खरी, पण दर वेळी सांगते.

तर असा माणूस जावयाच्या घरी ८२ दिवस राहिला. इचलकरंजीला जे जमलं नाही ते स्टुटगार्टला जमलं, कारण स्टुटगार्टहून पाचची गाडी नाही. एवढ्या लांब गेल्यावर राहण्यावाचून इलाजच नव्हता. तेवढी बळजबरी मिळाली म्हणून अण्णा राहिले, आणि मला ते मिळाले. माझ्या मते परदेशी राहण्याचा मला झालेला सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि तो ताईला सांगायची माझी छाती नाही.

हे सगळं व्हिसाच्या वेळीच फसणार होतं. पासपोर्टचं काम कोल्हापुरातल्या पोस्टात झालं, त्याचं काही नाही. पण जर्मनीला आईवडिलांना बोलवायचं तर तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन एक हमीपत्र करून देता येतं. त्याचं नाव 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग'. एकोणतीस युरो फी, पगाराच्या पावत्या, आणि शेवटी सही, की या पाहुण्यांच्या राहण्या-खाण्याचा, दवाखान्याचा, वेळ आली तर परत पाठवण्याचा सगळा खर्च मी करीन. नवऱ्याचा पगार जास्त म्हणून सही त्याची. मी आनंदानं त्या कागदाचा फोटो अण्णांना पाठवला आणि खाली मराठीत अर्थ लिहिला. ही माझी चूक.

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आईनं सांगितलं, "तुझे अण्णा म्हणायलेत, मी जन्मभर पतपेढीत दुसऱ्याला जामीन ऱ्हायलो. मला जामीन ऱ्हायला कोण लागला न्हाई. आन् आता जावई?"

नवऱ्यानं मग स्वतः फोन केला. काय बोलला ते मला अजून नीट माहीत नाही. तो नाशिकचा, बोलायला गोड, आमच्यासारखा तुटक नाही. एवढं ऐकू आलं की, "अण्णा, तो नुसता सरकारी कागद आहे, तुमच्या काट्यावरच्या पावतीसारखा." पावती हा शब्द बरोबर लागला असावा. मात्र विमानातून उतरल्यावर, कपडे बदलायच्या आधी, अण्णांनी एका पाकिटातून युरोच्या नोटा काढून त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं घेतल्या नाहीत. पुढचे ८२ दिवस ते पाकीट आमच्या घरात हिंडत होतं. कधी फ्रिजवर, कधी त्याच्या लॅपटॉपखाली, एकदा तांदळाच्या डब्यात. शेवटी ते आईच्या पर्समध्ये बसून कोल्हापूरला परत गेलं.

सामानाची गोष्ट लांबवत नाही. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचा पदार्थ आणता येत नाही, त्यामुळे तूप आणि पेढे गळाले, आणि आई दोन दिवस त्या गळालेल्या तुपाविषयी बोलत होती. पण नारळ चालतो. हे वाचल्यावर अण्णांनी एक नारळ बॅगेत घातलाच. "कशाला?" विचारलं तर म्हणाले, "लागंल." बाकी गूळ, चटणी आणि मेतकूट. दोन्ही बॅगा त्यांनी हातानं उचलून वजन सांगितलं होतं, बावीस आठशे आणि बावीस सहाशे. विमानतळावरच्या काट्यानं ते मान्य केलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. झोपायची खोली आई-अण्णांना दिली आणि आम्ही बैठकीतल्या सोफ्यावर. लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत होती. म्हणजे आपापसात भांडायची नीट पद्धत अजून बसलेली नव्हती, आणि त्यात भांडायला जागाच उरली नाही. जर्मनीत बहुतेक इमारतींना तळघर असतं, तिथं प्रत्येक बिऱ्हाडाची एक जाळीची खोली. पाचव्या आठवड्यात आम्ही दोघं "कपडे लावून येतो" म्हणून खाली गेलो आणि धुण्याच्या यंत्राच्या आवाजात पाऊण तास भांडलो. निमित्त न्हाणीघराचं. तिथल्या न्हाणीघराच्या फरशीला पाणी जायला मोरी नसते, आणि आईला बादली-तांब्याशिवाय अंघोळ केल्यासारखी वाटत नाही. पण खरं कारण ते नव्हतंच. तो म्हणाला, "तुम्ही तिघं कोल्हापुरीत सुरू झालात की मला माझ्याच घरात सबटायटल लागतात." मी म्हणाले, आम्ही मराठीच बोलतो. तो म्हणाला, "तुझी आई 'मी आलो, मी गेलो' म्हणते, तुझे वडील 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, फोनवर कोण बोलतंय तेसुद्धा मला कळत नाही." इथं मला हसू आलं आणि भांडण बिघडलं. आमच्याकडच्या बायका बोलतात तशाच. मीसुद्धा आईशी बोलताना "मी जेवलो" म्हणते, हे मला त्यानं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. तरी त्याचा मुद्दा खोटा नव्हता. माझे आईवडील आल्यावर मी लेक झाले होते, आणि बायको कुठं गेली ते त्याला सापडत नव्हतं.

सकाळचा चहा तो करायचा. मी उशिरा उठते, तो लवकर, अण्णा त्याहून लवकर. पहिल्या दिवशी तो कप घेऊन गेला तर अण्णा उभे राहिले. जावई स्वतःच्या हातानं चहा देतोय, बसून कसा घ्यायचा! "बसा ना अण्णा." "व्हय व्हय." दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे. तिसऱ्या दिवशी त्यानं कप टेबलावर ठेवून मागे सरकायचं ठरवलं, तर अण्णा टेबलापाशी उभे. आम्ही दोघांनी यावर पैज लावली होती, कोणत्या आठवड्यात बसून घेतील. तो म्हणाला तिसऱ्या, मी म्हणाले कधीच नाही.

आईला असल्या अडचणी आल्या नाहीत. तिला आठ दिवसांत इमारतीचा नियम कळला. स्टुटगार्टकडं 'केअरवोखं' म्हणून चाल आहे. ज्या बिऱ्हाडाची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी लावतात, आणि त्या आठवड्यात जिना, बोळ, समोरचा रस्ता त्यांनी झाडायचा. आमच्या दारावर पाटी आली की मी दोन वर्षं शनिवारी रात्री चोरासारखी कशीबशी झाडून घेत होते. आईनं सकाळी सहाला पदर खोचून तळमजल्यापर्यंतचा जिना पुसून काढला. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई, ज्या मला दोन वर्षांत नीट हसल्या नव्हत्या, त्या थांबून पायऱ्यांकडे बघत राहिल्या आणि मग आईचा हात हातात घेऊन काहीतरी लांबलचक बोलल्या. आई मराठीत म्हणाली, "अहो त्यात काय, मला सवय हाय." दोघींना कळलं. पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी होती, तरी आई खाली जाऊन बघून आली, आणि वर येऊन म्हणाली, "कोपरे ऱ्हायलेत त्यांचे."

अण्णांना मात्र फुटबॉल सापडला, आणि तोही कसला! युरो स्पर्धा त्या जून-जुलैत जर्मनीत होती आणि पाच सामने स्टुटगार्टला होते. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला कुस्ती माहीत असते, रस्सा माहीत असतो, पण आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉलवरून काय होतं हे माहीत नसतं. आम्ही मंगळवार पेठेतले, म्हणजे जन्मानंच पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे. शिवाजी तरुण मंडळाविरुद्ध सामना असला की शाहू स्टेडियमवर अण्णा छत्री घेऊन जायचे, ती उन्हासाठी नसायची. त्यामुळे श्लॉसप्लात्झ चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर, घागऱ्यासारखं नेसलेल्या हजारो स्कॉटिश लोकांत (आई म्हणाली, "पुरुष हाईत व्हय हे?") हा माणूस घरी आल्यासारखा उभा होता.

५ जुलैचा सामना, स्पेन विरुद्ध जर्मनी, खुद्द स्टुटगार्टमध्ये. आम्ही पडद्यासमोर. जर्मनीनं ८९व्या मिनिटाला बरोबरी केली तेव्हा एका दाढीवाल्यानं अण्णांना उचललं. जादा वेळात स्पेनच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला आणि पंचानं पेनल्टी दिली नाही, तेव्हा अण्णांनी पंचाविषयी जे काही सांगितलं ते मी इथं लिहू शकत नाही, पण सूर बरोबर असल्यामुळे आसपासच्या पाच-सहा जर्मन लोकांनी मान डोलावली. ११९व्या मिनिटाला स्पेननं गोल घातला आणि चौक गप्प झाला. परतताना अण्णा म्हणाले, "आपल्या स्टेडियमवर आसतं तर रेफ्री पोलीस गाडीतनं घरी गेला आसता." यात त्यांना कौतुक होतं की खेद, मला कळलं नाही.

त्याच रात्री मला त्यांची लाज वाटली, तेही लिहून टाकते. जर्मनीत प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर पंचवीस सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते. सामन्यानंतर रस्ताभर बाटल्या. अण्णांनी खिशातून पिशवी काढली आणि वेचायला लागले. "बावीस रुपयाला एक, बावीस रुपयाला एक." मी म्हणाले, "अण्णा, नको ना, ऑफिसातलं कुणी बघेल." ते ऐकू न आल्यासारखं करत राहिले. चौदा झाल्या. मग पुढच्या कचरापेटीपाशी त्यांच्याच वयाचा एक जर्मन माणूस बॅटरी घेऊन आत हात घालताना दिसला. नीटनेटका कोट, पायात चांगले बूट, आणि हातात बाटल्यांची पिशवी. अण्णा थांबले. त्याच्या पिशवीकडे बघितलं, मग आपली पिशवी त्याच्या पिशवीत रिकामी केली. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. झोपताना म्हणाले, "त्याला पेन्शन किती आसंल गं?"

जुलैच्या मध्याला आम्ही फ्लॉरेन्सला गेलो. खरं तर मी पॅरिसची तयारी केली होती. अण्णा म्हणाले, "ते टावर टीव्हीत बघितलंय. मला महाराजांच्याकडं जायचंय." मग मला त्या नारळाचा उलगडा झाला.

कोल्हापुरात राजाराम या नावाचा गोंधळ मोठा आहे. शिवरायांचे धाकटे चिरंजीव राजाराम वेगळे. राजारामपुरी ज्यांच्या नावाची ते राजाराम, शाहू महाराजांचे चिरंजीव, तेही वेगळे. मधले एक राजाराम महाराज आहेत, ज्यांच्या नावानं राजाराम कॉलेज आहे. १८५० चा जन्म. १८७० साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परत येताना वाटेत इटलीत आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले. वय वीस. तिथं तेव्हा दहनाची चाल नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथं १८७४ मध्ये स्मारकाची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा ज्या चार्ल्स मँटनं केला, त्याचाच आपला नवा राजवाडा. प्रवासात महाराज रोजनिशी लिहीत होते, ती १८७२ मध्ये इंग्लंडात छापूनही आली. हे सगळं अण्णांनी मला स्टुटगार्ट ते झ्युरिक या तीन तासांत सांगितलं. त्यापुढं मिलानच्या गाडीत त्यांना आल्प्स बघायचे होते, तर गाडी गॉटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यात शिरली. "कोल्हापुरातनं शिरायचं आन् मिरजेच्या पुढं उजाडायचं," ते म्हणाले. "आन् ह्याला तिकीट?"

छत्री कासिने नावाच्या मोठ्या बागेच्या पार शेवटच्या टोकाला आहे. ट्राममधून उतरून ऊन डोक्यावर घेत चालत राहिलो. आई दर बाकावर बसत होती. वाटेत कुणाला विचारायचं तर 'इंदियानो' म्हणायचं. तिथला नदीवरचा पूलसुद्धा त्याच नावाचा, पोंते आल इंदियानो. वीस वर्षांच्या त्या मुलाचं नाव बाजूला राहिलं आणि गाव त्याला 'तो हिंदुस्थानी' म्हणत राहिलं. मला माझ्या ऑफिसातली एक गोष्ट आठवली, ती इथं नको.

झाडांत अचानक घुमट दिसतो. खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा, अंगावर दागिने, कोवळा चेहरा. भोवती कुंपण. अण्णांनी चपला काढल्या. फरशी तापलेली होती तरी काढल्या. नारळ काढून कुंपणाच्या आत हात घालून ठेवला. फोडायचा की नाही यावर नवऱ्याशी हळू आवाजात चर्चा झाली, तो म्हणाला परवानगी नसेल, तर अण्णांनी ऐकलं. मी फोटो काढत होते. अण्णा बराच वेळ नुसते उभे होते. मग म्हणाले, "पोरगं घरी यायला निघालं होतं."

एवढंच. आई पुढे होऊन पुतळ्याला म्हणाली, "येतो आम्ही." आणि आम्ही परत निघालो. वाटेत आईस्क्रीम खाल्लं. ते पैसे अण्णांनी दिले, जावयाला काऊंटरवर ढकलून.

स्टुटगार्टला परतलो आणि पाऊस लागला. तिथं नाही, इथं. अण्णांची सकाळ आता पाच वाजता फोनवर सुरू व्हायची. पंचगंगेचा राजाराम बंधारा, पाणीपातळी इतके फूट इतके इंच. ३९ इशारा, ४३ धोका. "मच्छिंद्री झाली काय?" म्हणजे शिवाजी पुलाच्या खुणेला पाणी लागलं काय, असं ते फोनवर एकेकाला विचारायचे. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या माणसाला हे आकडे म्हणजे घरातल्याच्या तापासारखे असतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाणी धोक्याच्या वर गेलं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले. आमच्या पेठेला तसा धोका नाही. पण इचलकरंजीही पंचगंगेवरच आहे. ताईला ते दिवसातून तीनदा फोन करायचे. तिनं नंतर मला बोलून दाखवलं: "हितनं कधी इतक्यांदा केला न्हाई." मग पाणी उतरलं. एक ऑगस्टला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवलं, त्या दिवशी अण्णांनी वरच्या मजल्यावरच्या बाईंना गूळ नेऊन दिला.

आणि ८ ऑगस्ट. आमच्याकडे संध्याकाळ, ऊन होतं. अण्णांच्या फोनवर एका मागोमाग एक व्हिडिओ यायला लागले. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं होतं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ चं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आई म्हणाली, "माझं ग्यादरिंग तिथं झालतं." ते तिनं चार-पाचदा म्हटलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. बाल्कनीत जाऊन बसले. खासबागेकडून घेतलेला एक व्हिडिओ होता, त्यात छप्पर जाताना दिसतं, तो ते पुन्हा पुन्हा लावत होते. अंधार पडल्यावर आत येऊन मला म्हणाले, "तिकीट अलीकडं घेता येईल काय?"

मी म्हणाले, "जाऊन काय करणार आहात तुम्ही?" मला वाईट वाटलं होतं, म्हणून आवाज चढला. सहाच दिवस राहिले होते, आणि त्यातले सगळे मला हवे होते. ते म्हणाले, "करायचं काय न्हाई. जाऊन उभं ऱ्हायचं."

मी झोपायला गेले. नवरा जागा राहिला. रात्री दीडच्या सुमारास त्यानं चहा केला आणि बाल्कनीत नेऊन दिला. सकाळी मला उठवून तो म्हणाला, "अण्णांनी बसून घेतला." फोनकडेच बघत होते, कप हातात घेतला, प्याले, रिकामा कप त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "साखर कमी झाली." आम्ही दोघं सोफ्यावर बसून त्या वाक्याकडे बघत होतो. पैज हरल्याचं मी कबूल केलं. मग स्वयंपाकघरातून आवाज आला. तो चहा घेऊन गेला, आणि अण्णा उभे राहिले.

तिकीट अलीकडं घेतलं नाही. १४ ऑगस्टला ते ठरल्याप्रमाणे गेले. राखी पौर्णिमेला मामा येणार होता. आमच्या खोलीत आम्ही पुन्हा झोपायला लागलो, आणि पहिले चार दिवस मला तिथं झोप आली नाही.

आता इथं सगळं जागच्या जागी आहे. नवऱ्याला कोल्हापुरात पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत. तो ताटावरून उठला की अण्णा हातावर पाणी घालायला उभे. परवा रविवारी ताई आणि भाऊजी मुलांना घेऊन आले होते. तांबडा-पांढरा झाला, सगळे सुस्तावले. नव्या वर्षाच्या डायऱ्या आल्यात, खताच्या दुकानाची, पतपेढीची, औषधवाल्याची. अण्णांनी त्यातली खिशात मावणारी निवडली आणि जुन्या डायरीतले फोन नंबर उतरवून घ्यायला बसले. पहिल्या पानावर काय लिहिलंय म्हणून मी वाकून बघितलं. त्यांच्या काट्यावरच्या अक्षरात होतं: 'आरंभीची शिल्लक – ८ दिवस.'

"हे काय?"

"नव्वदातले ब्याऐंशी वापरले. आठ ऱ्हायले."

नवरा समजावायला गेला, की अण्णा, ते तसं पुढं ओढता येत नाहीत, १८० दिवसांची मुदत संपली की नवीन ९० मिळतात, तेही नवा व्हिसा काढल्यावर. अण्णा म्हणाले, "पावणं, शिल्लक ती शिल्लक. साखर गोदामात आसली तर हंगाम संपला म्हणून टाकून देत न्हाईत."

ताई दारात धाकट्याच्या केसांत तेल घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मग ते आठ दिवस मला द्या."

कुणी बोललं नाही. आई उठून चहाचं बघायला गेली. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"इचलकरंजीला काय," ते म्हणाले, "कवाबी येता येतंय."

"तेच तर," ताई म्हणाली.